स्वस्तात घेतलं, पण वाचलं किती?



दिवाळी जवळ आली की आपल्या गटाच्या बैठकीत कर्जमागणीची कारणं बदलतात. शेळी, खत, मुलांची फी ही कारणं मागे पडतात आणि वहीत 'घरखर्च' हा शब्द जास्त दिसायला लागतो. थोडं खोलात विचारलं की समजतं, त्यातला बराच पैसा वर्षाचा किराणा भरायला आणि सेलमधल्या खरेदीला जाणार असतो. "ताई, दोनावर एक फुकट हाय म्हणं. परत असलं कुठं मिळतंय?" असं उत्तर येतं.

असं वाटण्यात चुकीचं काहीच नाही. घर चालवणारी बाई दोन रुपये वाचवायचा मार्ग शोधणारच. साठवण तर आपल्या रक्तातच आहे. सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. आपल्या आज्या ज्वारी पेवात आणि कणगीत भरून ठेवायच्या, उन्हाळ्यात शेवया-कुरडया करून डबे भरायच्या. साठवण होती म्हणून घर तरलं, हे त्यांनी १९७२ च्या दुष्काळात पाहिलंय. फरक इतकाच, की त्या शेतातलं आणि गावातलं साठवायच्या. आपण आता दुकानातलं साठवतो, आणि कधी कधी उसने पैसे घेऊन साठवतो.

म्हणून या अंकात एकाच प्रश्नाचा हिशोब मांडूया. स्वस्तात घेतलं म्हणजे खरंच पैसा वाचतो का, आणि वाचत असेल तर नेमका कुठं? खालच्या उदाहरणांतले दर समजायला सोपे जावेत म्हणून धरले आहेत. तुमच्या गावचे दर घालून तोच हिशोब बैठकीत करून बघा.

पाकिटावरचा आकडा वाचायचा कसा

'मोठं पाकीट म्हणजे स्वस्त' हे आपण गृहीत धरतो. दर वेळी तसं नसतं. समजा धुण्याच्या पावडरचं ५०० ग्रॅमचं पाकीट ५५ रुपयांना आहे आणि २ किलोचं २३० रुपयांना. लहान पाकिटाचा किलोचा भाव पडला ११० रुपये आणि मोठ्याचा ११५. म्हणजे मोठं पाकीटच महाग. शॅम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडीसुद्धा बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

आता 'दोनावर एक फुकट' बघू. साबणाची नेहमीची वडी १०० ग्रॅमची, ३० रुपयांना. सेलमध्ये तीन वड्या मिळून ७० रुपये. ऐकायला फारच स्वस्त. पण सेलमधली वडी ७५ ग्रॅमची असेल, तर तीन मिळून २२५ ग्रॅम होतात. म्हणजे १०० ग्रॅमला ३१ रुपयांच्या वर पडले. फुकटची वडी आपणच विकत घेतली!

तेलाच्या डब्याचं तर नीटच बघा. काही डबे १५ किलोचे असतात, काही १५ लिटरचे. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असतं. दोन डब्यांत जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. पाकिटांचंही तेच. एक पाकीट ९१० ग्रॅमचं, शेजारचं ८५० ग्रॅमचं, आणि दिसायला दोन्ही सारखी. किंमत विचारायच्या आधी वजन विचारा.

हे सगळं पाकिटावर छापलेलं असतं. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत म्हणजे एमआरपी, तयार केल्याचा महिना आणि खाण्याच्या वस्तूंवर मुदत. आता तर एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती रुपये पडतात, हेही पाकिटावर छापावं लागतं. दोन पाकिटांतला हा एकच आकडा ताडून बघितला तरी निम्मं काम होतं. अक्षर बारीक असतं, चष्मा घरी राहिलेला असतो, म्हणून शाळेत जाणाऱ्या लेकीला बरोबर न्या. तिचाही गणिताचा सराव होईल.

सेलमध्ये आणखी एक गोष्ट तपासायची ती म्हणजे मुदत. संपत आलेला माल खपवायलाही सवलत दिली जाते. महिनाभरात संपणारी वस्तू असेल तर घ्यायला हरकत नाही. वर्षाची म्हणून घेणार असाल तर नको.

आणि एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे. त्यापेक्षा कमी भाव मागायचा आपल्याला हक्क आहे, आणि त्यापेक्षा जास्त घ्यायचा कुणालाच नाही. कुणी घेतले, वजनात मारलं किंवा खराब माल परत घेतला नाही, तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करा. बिल मात्र मागून घ्यायची सवय लागली पाहिजे.

शहरात जाऊन घेतलं तर?

"गावातला दुकानदार महाग देतो, सोलापुरात मॉलमध्ये स्वस्त मिळतं." हे बऱ्याचदा खरंही असतं. पण तिथवर जायला लागतं, त्याचं काय?

समजा दोन हजारांचा किराणा आहे आणि शहरात तो १६० रुपयांनी स्वस्त मिळतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, हा मोठा आधार. तरी जाण्यायेण्याचे ७० रुपये धरू. स्टँडवरून रिक्षाचे ४०. चहा-वडापाव आणि लेकराच्या खाऊचे ५०. आणि त्या दिवशी खुरपणीचा रोज बुडाला, तो ३०० धरू. खर्च झाला ४६० रुपये. वाचले १६०. म्हणजे ३०० रुपयांचा तोटा, आणि वर पिशव्या उचलून खांदे दुखले ते वेगळंच.

आपल्या मनात रोज धरायची सवय नसते. "मी घरचीच बाई, माझा दिवस कुठं मोजायचा" असं म्हणतो. शेतमालक आपला दिवस मोजतो, मग आपण का नाही मोजायचा?

दहा जणींनी मिळून यादी केली आणि दोघींना पाठवलं तर? वाचतील १,६०० रुपये. दोघींचा खर्च ९२०, सामान आणायला टेम्पोत वाटा ३०० रुपये. खर्च १,२२०, उरले ३८०. घरटी ३८ रुपये. तोटा नाही, पण फायदाही नावापुरताच.

म्हणजे शहरात दुसऱ्या कामासाठी, दवाखान्याला किंवा बँकेत, जायचंच असेल तेव्हा यादी घेऊन जा. नुसतं स्वस्त म्हणून एसटीत बसू नका. कपड्यालत्त्यासाठी नवी पेठेत वर्षातून एकदा जाणं वेगळं आणि महिन्याच्या मीठ-मिरचीसाठी जाणं वेगळं.

खरी बचत हंगामात आणि एकत्र घेण्यात

मग पैसा वाचतो कुठं? माल ज्या वेळी पिकतो त्या वेळी, ज्याने पिकवला त्याच्याकडून, आणि दहा जणींनी मिळून घेतला तर. हा रस्ता आपल्या दारातूनच जातो.

आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो ते आठवा. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय. आपण जी मालदांडी म्हणून मागतो, ती सुधारित ३५-१ जात मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आलेली. तूर, हरभरा, कांदा, शेंगा, गूळ, चिंच, बेदाणा सगळं आपल्याच तालुक्यांत होतं. तरीही हंगाम संपल्यावर तीच तूरडाळ पॉलिश होऊन चकचकीत पाकिटात आली की आपण ती जास्त भावानं घेतो.

एक हिशोब मांडूया. दहा घरांनी मिळून जानेवारीत शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडून ३ क्विंटल तूर घेतली. भाव ७० रुपये किलो धरा.

तुरीचे झाले २१,००० रुपये.
डाळ करून घ्यायचे किलोला ६ रुपये, म्हणजे १,८०० रुपये.
ने-आण ६०० रुपये.
एकूण खर्च २३,४०० रुपये.

शंभर किलो तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते असं धरलं, तर २१० किलो डाळ झाली. किलोला पडले साधारण १११ रुपये. दुकानात तीच डाळ १३० रुपये किलो असेल, तर २१० किलोचे २७,३०० रुपये झाले असते. वाचले ३,९०० रुपये. घरटी २१ किलो डाळ आणि ३९० रुपयांची बचत. शिवाय चुणी आपल्या शेळीला, म्हशीला.

यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. बाजार समितीत माल न्यायचं भाडं, हमाली, तोलाई हे त्याचं वाचतं. म्हणून भाव पाडून मागू नका. सोलापूर किंवा बार्शी बाजार समितीचा त्या दिवशीचा भाव फोनवर बघा आणि त्याला रुपया-दोन रुपये चढा द्या. हंगामात भाव का पडतो, तर सगळ्यांना एकाच वेळी पैशाची नड असते. देणी दारात उभी असतात आणि माल ठेवायला जागा नसते. तो शेतकरी म्हणजे आपल्याच गटातल्या कुणाचा तरी भाऊ, दीर किंवा नवरा असतो. त्याच्या नडीचा फायदा घेऊन केलेली बचत आपल्याला नको. हमीभावाच्या खाली तर मागायचंच नाही.

काय कधी घ्यायचं, याची यादी ग्रामसंघाच्या भिंतीवर लावून टाका:

तूर: डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी.
ज्वारी: फेब्रुवारी-मार्च, मळणी झाल्यावर.
हरभरा आणि गहू: फेब्रुवारी ते एप्रिल.
मिरची, हळद, चिंच, लसूण: फेब्रुवारी ते एप्रिल. मसाला पावसाळ्याआधीच कुटून झाला पाहिजे.
गूळ: दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू असेपर्यंत.
खरिपाच्या शेंगा: ऑक्टोबर-नोव्हेंबर.
साठवणीचा कांदा: एप्रिल-मे, उन्हाळी कांदाच.

कांद्याबाबत एक सांगते. नोव्हेंबर ते जानेवारीत सोलापूरच्या बाजारात लाल कांद्याच्या गाड्यांवर गाड्या येतात आणि कधी कधी भाव एकदम कोसळतो. मोह होतो, एक पोतं टाकूया म्हणून. पण हा खरिपाचा कांदा टिकत नाही. लवकर कोंब येतात, सडायला लागतो. लागेल तेवढाच घ्या.

आणि हो, यादी करायच्या आधी रेशन वजा करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. घरात पाच माणसं असतील तर महिन्याला २५ किलो धान्य आलं. ते न मोजता गव्हाचं पोतं घेतलं तर दोन्हींतलं एक किडणार. रेशनचं धान्य दहा-पंधरा रुपयांनी दारावर येणाऱ्याला विकायचं आणि नंतर बाजारातून महाग आणायचं, हा तर उघड तोटा. ते विकायला कायद्यानं परवानगीही नाही.

साठवलं ते टिकलं पाहिजे

किडलेली डाळ सगळ्यात महाग. म्हणून जेवढं नीट ठेवता येईल तेवढंच घ्या.

धान्य कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. वाळलेलं धान्य गार होऊ द्या, मगच कोठीत भरा. कोठी भिंतीला चिकटून किंवा थेट जमिनीवर नको, खाली फळी किंवा विटा ठेवा. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घाला, ओला पाला घातला तर उलट बुरशी धरते. डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवायची आजीची रीत आजही उपयोगाची आहे, फक्त ओशटपणा लागेल इतपतच. दर महिन्याला एकदा कोठी उघडून हात घालून बघा. धान्य गरम लागलं की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय.

धान्यात ठेवायच्या विषारी गॅसच्या गोळ्या काही ठिकाणी दुकानात सहज मिळतात. मैत्रिणींनो, त्या गोळ्या घरात वापरायच्या नाहीत. त्यांच्यातून निघणारा गॅस माणसाला मारतो. बंद खोलीत झोपलेली लेकरं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. घरगुती वापराला त्यांना परवानगीच नाही. चार किलो ज्वारी किडली तरी चालेल.

शेंगदाण्यावर, ज्वारीवर हिरवी-काळी बुरशी दिसली, खवट वास आला, तर धुऊन-भाजून वापरू नका. बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. जनावरालाही घालू नका. तेल, शेंगदाणे, दळलेला मसाला आणि पीठ वर्षाचं घेऊ नका, ते खवट होतं. डाळ, ज्वारी, चिंच, सुकी मिरची यांची गोष्ट वेगळी.

पैसा कुणाचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या तुरीच्या हिशोबात प्रत्येक घराला २,३४० रुपये एकदम द्यावे लागतात. ते कुठून आणायचे?

गटातून दरमहा शेकडा २ नं कर्ज काढलं आणि दहा हप्त्यांत फेडलं, तर व्याज होतं सुमारे २५७ रुपये. बचत होती ३९०. हातात राहिले १३३. गटाचं व्याज गटातच राहतं, वर्षाअखेरी आपल्याच नावावर येतं, एवढं समाधान आहे. पण हाच पैसा बाहेरच्या फायनान्सवाल्याकडून आणला, तर व्याज गावाबाहेर जातं, आणि हप्ता चुकला की माणूस दारात येऊन बसतो. सणाच्या खरेदीसाठी घेतलेलं असं कर्ज पुढच्या सणापर्यंत पुरतं. म्हणजे वस्तू संपते आणि हप्ता राहतो.

यावर साधा उपाय आहे. साठवणीची वेगळी बचत. महिन्याला २०० रुपये बाजूला टाकले की वर्षाचे २,४०० होतात. एका घराची वर्षाची तूरडाळ बिनव्याजी. ही रक्कम नेहमीच्या बचतीत मिसळायची नाही. वहीत 'साठवण बचत' असं वेगळं पान करा, पैसे गटाच्या बँक खात्यातच ठेवा. आता सुरुवात केली तर जानेवारीपर्यंत पाच-सहाशे रुपये जमतील. हरकत नाही. या वर्षी पाच किलो डाळ घेऊ, पुढच्या वर्षी पूर्ण.

"दर महिन्याला भरा, दिवाळीला भांडी आणि किराणा न्या" अशा योजना घेऊन गावात येणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. कार्ड छापलेलं असतं, पहिल्या वर्षी भांडी मिळतातही. दुसऱ्या वर्षी फोन बंद. नोंदणी नसलेल्या अशा ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. पैसे बुडाल्यावर कायदा आठवण्यापेक्षा आपल्या गटाच्या वहीत टाकलेले बरे.

म्हणून काहीही साठवायच्या आधी चार प्रश्न विचारा. हे आपल्याला एरवीही लागलं असतं का? तोवर टिकेल का? ठेवायला कोरडी जागा आहे का? पैसा आपला आहे का? चारही उत्तरं 'हो' असतील तर घ्या, आणि बिनधास्त घ्या. एकही 'नाही' आलं तर ती वस्तू फुकट असली तरी महाग आहे.

गावात घेतलं की काय होतं

आता थोडं आपल्याच माणसांबद्दल. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी आज पुण्या-मुंबईत आवडीनं खाल्ली जाते. ती बनवणाऱ्या हातांत बचत गटांतल्या बायकांचे हात किती आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातल्या गटांच्या मालाला गर्दी होते. आणि आपण? आपल्या घरात मसाला पाकिटाचा, पापड पाकिटाचे, शेवया पाकिटातल्या. पलीकडच्या आळीतली आपलीच सभासद तेच बनवते, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक मुंबईत, हे जरा चमत्कारिक नाही का?

तिच्याकडून १०० रुपयांची चटणी घेतली तर त्यातले काही शेंगा पिकवणाऱ्याला जातात, काही गिरणीवाल्याला, काही पिशवी देणाऱ्या दुकानदाराला. उरलेल्यातून ती गटाचा हप्ता भरते. म्हणजे आपली नोट फिरून आपल्याच खात्यात येते. दूरच्या कंपनीच्या पाकिटाला दिलेल्या नोटेचा मोठा भाग गावात परत येत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलूया. आपल्या ताईचा माल आहे म्हणून दया करून घेऊ नका. पहिल्यांदा दयेनं घेतलेला माल दुसऱ्यांदा कुणी घेत नाही. चव बिघडली, मीठ जास्त झालं, वजन कमी भरलं, तर तिला तोंडावर सांगा, पाठीमागे नको. आणि बनवणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही ऐकून घ्या. घरगुती म्हणून तारीख नको, वजन नको, असं चालत नाही. एफएसएसएआयची नोंदणी करा, तो १४ अंकी नंबर, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख पाकिटावर टाका. आपण कंपनीच्या पाकिटावर जे शोधतो, तेच आपल्या पाकिटावरही दिसलं पाहिजे.

सोलापुरी चादरीचंही हेच. तिलाही भौगोलिक मानांकन आहे. पण सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरच्या मागावरची नसते. लग्नाच्या आहेरासाठी दहा-बारा चादरी, टॉवेल घ्यायचे असतील तर फिरत्या टेम्पोवरून घेऊ नका. सोलापुरात कारखान्याच्या दुकानातून, लेबल आणि बिल बघून, दोन-तीन घरांनी मिळून घ्या. एकदम घेतल्यावर भावही कमी करून मागता येतो, आणि पैसा मागावर काम करणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाला जातो.

राहिला गावातला किराणा दुकानदार. तो शहरापेक्षा दोन रुपये जास्त घेतो, हे खरं. पण ऊसबिल अडकलं, पाऊस लांबला, घरात आजारपण आलं, तेव्हा उधारीची वही कोण उघडतं? टाळेबंदीत एसटी बंद होती तेव्हा मीठ-तेल कुणाकडून आणलं? आपली मोठी खरेदी सगळी बाहेर आणि उधारी तेवढी गावात, असं झालं तर तो दुकान किती दिवस चालवेल? बंद झालं तर म्हातारीला चहापत्तीसाठी सुद्धा तालुक्याला जावं लागेल.

म्हणून त्याच्याशी भांडण नको, बोलणी करा. पंधरा घरांची महिन्याची एकच यादी घेऊन ग्रामसंघाच्या तिघी-चौघी जा. सांगा, रोख देतो, एकदम घेतो, भाव काय लावणार? त्यालाही होलसेलला जास्त माल उचलता येतो, त्याचा पैसा लगेच सुटतो. कमी करायला त्यालाही जागा असते. आणि त्याच फळीवर आपल्या गटाचा मसाला, चटणी ठेवशील का, हेही विचारा. उधारी असेल तर आपल्याकडेही वही ठेवा आणि तारखेनुसार लिहा. वर्षाअखेरी दोन्ही वह्या जुळल्या की गैरसमजाला जागा राहत नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली असं सांगतात. कोठार भरलेलं होतं म्हणून ते उघडता आलं. आपल्या ग्रामसंघाचंही छोटं कोठार होऊ शकतं. प्रत्येक घरानं ज्वारीच्या सुगीत पायली-दोन पायली ज्वारी जमा करायची आणि पावसाळ्यात ज्या घरात धान्य संपेल तिला ती उसनी द्यायची. पुढच्या सुगीत तिनं तेवढीच परत करायची. यासाठी ना बँक लागते ना फायनान्स. एक कोरडी खोली, दोन पत्र्याच्या कोठ्या आणि हिशोब लिहिणारी एक ताई पुरे.

ते लगेच जमणार नाही. म्हणून आधी सोप्यापासून सुरू करूया:

१. प्रत्येकीनं गेल्या महिन्यात आणलेली तीन रिकामी पाकिटं बैठकीला घेऊन या. वजन आणि किंमत वाचून किलोचा भाव काढा. वाचता येतं त्या ताईनं शेजारणीला मदत करा.

२. घरात वर्षाला तूर, ज्वारी, मिरची, गूळ किती लागतो ते अंदाजे लिहा. रेशन वजा करा. सीआरपी ताई सगळ्यांची बेरीज करतील.

३. 'साठवण बचत' सुरू करायची का आणि कितीची, याचा ठराव करा. ज्यांना २०० झेपत नाहीत त्यांनी ५० ठेवा. कुणावर जबरदस्ती नको.

४. आपल्या प्रभागातल्या कोणत्या गटात काय बनतं, त्याची यादी करा आणि दिवाळीच्या फराळापासून एक तरी वस्तू त्यांच्याकडून घ्या.

५. जानेवारीत तूर द्यायला कोण शेतकरी तयार आहेत, ते आत्ताच विचारून ठेवा. डाळ करणारी गिरणी कुठं आहे आणि दर काय, तेही.

तुमच्या गटानं काढलेला किलोचा भाव आणि तुरीचा हिशोब तुमच्या प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या. ज्या गावांचा माल आणि गिरणी जवळजवळ आहे, त्यांची खरेदी एकत्र लावता येते का, ते तिथंच बसून ठरवू. या वेळी दिवाळीचं सामान भरताना पिशवीत काय गेलं यापेक्षा वहीत काय उरलं, ते एकदा बघा आणि मला बैठकीत सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक